वारेबुवांचा धागा

वारेबुवा उडाले की आधी खळ्यावरची धूळ उडायची, मग बायकांचे हात जोडले जायचे आणि मग हजारभर माणसं एका सुरात जयजयकार करायची. बेंबळीजवळच्या माळावर आठवडाभर हा सोहळा चालला होता. रोज दुपारी बुवा पायघोळ कफनीत मठाबाहेर येत, सारवून टणक केलेल्या खळ्यावर पाय नाचवत आणि बघता बघता माणसाच्या डोक्याइतके उसळत.

"बघा, महाराजांचे पाय ठरतच न्हाईत!" पट्टशिष्य शंभुलिंग माईकवरून गरजायचा. "आतमंदी साक्षात वारं हाय, वारं! ज्याचं पाय वाऱ्याचं, त्यो तुमचं पाय बरं करनार न्हाय तर कोन करनार?"

एवढ्या गर्दीत राजेश्वरी तेवढी कोरडी उभी होती. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वर्षापूर्वी तिचा नवरा रणधीर अपघातात गेला आणि तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं. रडू यायचं नाही, रागही यायचा नाही. लोकांच्या अंगावर काटा आला तेव्हा ती शांतपणे एवढंच बघत राहिली, की हा माणूस एक क्षणही स्थिर का उभा राहत नाही.

ती आली होती सासऱ्यांना शोधत. हिंमतरावांना साखरेचा जुना आजार, त्यात तळपायाला जखम. धाराशिवच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की रोज ड्रेसिंग करा, इंजेक्शन चुकवू नका, नाहीतर पाय कापावा लागेल. बुवांनी इंजेक्शन बंद करायला लावलं, अनवाणी फिरायला सांगितलं आणि नडगीला 'वाऱ्याचा धागा' बांधून दिला. रणधीर गेल्यावर घरात आता ती आणि सासरे, दोघंच उरले होते.

संध्याकाळी तिनं सासऱ्यांचा पाय मांडीवर घेतला. जखमेची कड काळी पडली होती, वास येत होता. तिनं आजूबाजूला दाबून पाहिलं. हिंमतराव निवांत चहा पीत राहिले.

"मामा, दुखतंय का?"

"आगं, जरा बी न्हाय! लई आराम हाय. धाग्याखाली तेवढं खाजतंय. शंभुलिंग म्हनला, शक्ती शिरतीय."

तिनं धागा सोडला, तशी तिचीही बोटं खाजू लागली. ही खाज तिच्या ओळखीची होती. मागं शाळेच्या छतावरचा फायबरचा पत्रा फुटला, तेव्हा पोरांनी त्याचे चमकणारे तंतू ओढून काढले होते आणि दिवसभर हात खाजवत बसली होती.

"हा धागा येतो कुठून?"

"महाराज दार लावून शक्तीपालट करत्यात. जुनी शक्ती गळून पडती, तिचाच ह्यो धागा. औंदा तेज वाढलंय महाराजांचं, म्हनून नवी शक्ती बी जाड हाय म्हनं."

तेज वाढलं होतं यात शंका नाही. भक्तांच्या तुपानं आणि पेढ्यांनी वाढलेलं ते तेज कफनीतूनसुद्धा पुढं आलेलं दिसायचं.

राजेश्वरीनं मोबाईलवर शोधाशोध केली. एका व्हिडिओत उड्या मारायच्या स्प्रिंगच्या कुबड्या पायाला बांधून कुठल्याशा शहरातली मुलं उसळत होती. पायामागं धनुष्यासारखी वाकणारी फायबरची पट्टी. वजन वाढलं की जाड पट्टी लावायची, तंतू सुटू लागले की बदलायची, आणि त्या घालून एका जागी उभं राहता येत नाही. तिनं ते सासऱ्यांना दाखवलं.

"मोबाईलात काय बी दावत्यात," म्हणत ते कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी बुवा खळ्यावर आले तेव्हा ती पुढं झाली. "महाराज, शेजारचं रान आमचं आहे. कालच पाणी दिलंय. पेरणीआधी तिथं एक उडी मारा."

हिंमतरावांचा चेहरा फुलला. "व्हय महाराज! माज्या रानाला पाय लागू द्या!"

"खळं सोडून महाराज उडत न्हाईत," शंभुलिंग घाईघाईनं म्हणाला. "तसा दंडक हाय."

"वाऱ्याला कसला आलाय दंडक?" एक म्हातारा म्हणाला. "त्यांचं झालं की माझ्या बी रानात या."

"माझ्या बी!" मग सगळ्यांनाच आपापल्या रानात उडी हवी झाली. भक्तीच्या भरात गर्दीनं बुवांना रेटत नेलं. बुवांना थांबावंसं वाटत होतं, पण त्यांना थांबताच येत नव्हतं. ओल्या काळ्या मातीत पहिलंच पाऊल गुडघ्यापर्यंत रुतलं आणि वारेबुवा तोंडावर पडले. कफनी पाठीवर आली. दोन्ही पायांना पट्ट्यांनी आवळलेले लोखंडी सांगाडे, मागं वाकलेल्या फायबरच्या पट्ट्या, खाली रबराचे इवलेसे खूर. साक्षात वाऱ्याला उठता येईना.

राजेश्वरीनं चिखलात बसून पट्टीची सुटलेली कड लोकांना दाखवली. "वजन पडलं की ही वाकते, सरळ होताना वर फेकते. झिजली की बदलतात. त्या भंगाराचे तंतू तुमच्या पायाला बांधलेत. शक्ती शिरत नाही, फायबरमधली बारीक काच टोचते म्हणून खाजतं."

हिंमतराव पुटपुटले, "पर माझं दुखनं थांबलं की गं."

तिनं त्यांना बांधावर बसवलं आणि पाय उचलून त्यांच्यासमोर धरला. तळव्यात बाभळीचा काटा अर्धा घुसला होता. भोवती रक्त होतं.

"हे कधी झालं, मामा?"

ते काट्याकडं बघतच राहिले. त्यांना कळलंही नव्हतं.

"दुखणं थांबलेलं नाही. कळायचं थांबलंय. साखरेनं पाय बधिर झालाय," ती म्हणाली.

"गाडी बोलीव," हिंमतराव म्हणाले.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्या बाकावर राजेश्वरीला एकाएकी भीती वाटली. हाही माणूस गेला तर, या विचारानं वर्षभर न आलेलं रडू आलं. ते थांबवावं असं तिला वाटलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हिंमतराव आता एकच सांगतात, "दुखायचं थांबलं म्हनून बरं झालं म्हनू नगा. पाय उचलून बघा, न्हाय दिसला तर कुनाला तरी बघाय लावा, आन् डॉक्टरकडं जावा. कोन उडत आसंल तर त्याचं बी पाय आधी बघा, हात मागनं जोडा."