नवव्या अलायनरची धास्ती

मी एक जुना अलायनर आहे. वरच्या दातांचा, नऊ नंबरचा. मित्रांनो, अलायनर म्हणजे काय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. वाकडेतिकडे दात सरळ करायला पूर्वी तारा बसवत. आता पातळ, पारदर्शक प्लास्टिकची, अगदी दातांच्या मापाची कव्हरं निघाली आहेत. ती दातांवर चढवायची आणि दिवसरात्र घालून ठेवायची. एक कव्हर दात किंचित सरकवतं, पुढच्या नंबरचं त्याला आणखी किंचित सरकवतं. आम्ही एकूण अठरा भावंडं. प्रत्येकाची नोकरी दोन आठवड्यांची. माझी मात्र लांबली, आणि ती का लांबली हे आठवलं की आजही माझा जीव वरखाली होतो.

स्वभावानं मी मुळातच घाबरट. तळोज्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. तापवलेली प्लास्टिकची शीट हादिया नावाच्या मुलीच्या दातांच्या ठशावर दाबली, की झालो मी तयार. काशीराम नावाचे एक वयस्कर कारागीर माझ्या कडा घासायला बसले. घासायचे, स्वतःचं बोट फिरवून बघायचे, नाक मुरडायचे आणि पुन्हा घासायचे. "पोरीच्या हिरडीला लागता कामा नये," असं ते शेजारच्याला म्हणाले. मग मला पाकिटात घालून वर ९ लिहिलं. त्या पाकिटात पडल्यापडल्याच मला पहिली काळजी लागली. मी बसलोच नाही तर?

हादिया पनवेलच्या जुन्या बाजारामागे राहते. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. घरात तिची अम्मी सिदरा आणि दादी फरिदा. अब्बू कुवेतला नोकरीला, ते रोज मोबाइलच्या पडद्यावर भेटायचे. हादियाचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता. त्यापायी ती ओठ मिटून हसायची, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. माझ्या आधीच्या आठ भावंडांनी त्या सुळ्याला बराच खाली आणला होता. माझी पाळी आली ती २०१८ सालच्या मे महिन्यात.

दातांच्या डॉक्टर मिताली यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "दिवसाचे बावीस तास. जेवताना काढायचा, दात घासायचे, की लगेच परत घालायचा. दात फार लबाड असतात बरं का. मोकळे सोडले की जुन्या जागी पळतात." हादियानं ते मनावर घेतलं होतं. मी पहिल्या दिवशी थोडा घट्ट झालो, तिला दुखलं, पण तिनं मला काढलं नाही. तीन दिवसांत सुळा माझं ऐकायला लागला. मला वाटलं, चला, आपली नोकरी सुखाची होणार.

चौथ्या दिवशी रमजान सुरू झाला.

रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं, म्हणजे सेहरी, आटोपली. हादियानं दात घासले, मला धुतलं आणि मी वाट बघू लागलो की आता ती मला घालेल. ती आरशासमोर बराच वेळ मला हातात धरून उभी राहिली. मग तिनं मला डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि डबी टूथपेस्टच्या मागे सरकवली. मला वाटलं विसरली असेल. दुपार झाली तरी झाकण उघडलं नाही. संध्याकाळी बाहेर भज्यांचा वास, खजुराच्या वाट्यांचा आवाज, अजान. इफ्तार झाली, जेवण झालं, दादी आणि अम्मीबरोबर तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची, नमाज झाली. झोपायच्या वेळी कुठे तिनं मला बाहेर काढलं. पहाटे सेहरीला उठली की पुन्हा डबी. बावीस तासांच्या जागी जेमतेम पाच.

का, ते मला आठवड्यानं कळलं. मोबाइलवर मैत्रिणीशी ती हळू आवाजात बोलत होती. "रोज्यात तोंडात काही ठेवायचं नाही ना. मग हा प्लास्टिकचा तुकडा कसा चालेल? कुणाला विचारू? दात सरळ करून घेतेय हेच किती जणांना नखरे वाटतात. रोज्यातही नखरे, असं म्हणतील." मैत्रिणीला काही माहीत नव्हतं. हादियानं मग कुणालाच विचारलं नाही. तिचं मन साफ होतं हो, तेच तर वाईट. एकही रोजा बिघडू नये म्हणून पोरगी सुळ्यावर पाणी सोडत होती, आणि मी डबीत पडून काही सांगू शकत नव्हतो.

दर रात्री मी बसायचो, पण रोज थोडं कमी. सुळ्याजवळ फट राहू लागली. हादिया अंगठ्यानं मला दाबायची, डोळ्यांत पाणी यायचं, तरी दाबायची. माझी डावी कड ताणली जायची. आता तडकतोय की मग तडकतोय, एवढाच विचार माझ्या मनात. मी तडकलो तर माझं काय व्हायचं ते होईल, पण आठ भावंडांनी चार महिने खपून आणलेला सुळा पुन्हा वर चढला असता.

माझे दोन आठवडे भरले. हादियानं दहा नंबरचं पाकीट फाडलं. माझा धाकटा भाऊ किती चकचकीत होता. त्यानं खूप जोर लावला, पण तो बसेना. एका बाजूनं बसवला की दुसऱ्या बाजूनं उचकटायचा. हादियाचा चेहरा उतरला. तिनं त्याला गुपचूप पाकिटात घातलं आणि मला पुन्हा हातात घेतलं. त्या दिवसापासून कुवेतहून फोन आला की ती कॅमेरा कपाळावरच धरायची, अब्बूंना दात दिसू नयेत म्हणून.

पुढच्या गुरुवारी तपासणी होती. अम्मीला जमणार नव्हतं म्हणून दादी बरोबर आल्या. रिक्षात मी हादियाच्या पर्समध्ये होतो. तिचा हात पर्सवर घट्ट होता आणि ती दादीच्या एकाही प्रश्नाला धड उत्तर देत नव्हती. मला माझीच पडली होती. दोष कुणावर येणार? प्लास्टिकवरच की.

"तुझा रोजा असेल ना? तोंडात पाणी मारत नाही, नुसतं बघते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मला चढवलं, आरसा फिरवला. मग मला काढून दिव्यासमोर धरलं.

"हा वाकलाय का? गरम पाण्यानं धुतला होतास?"

"नाही."

"किती तास घालतेस?"

हादियानं खाली बघत उत्तर दिलं, "बावीस."

मित्रांनो, त्या एका शब्दानं सगळा दोष माझ्यावर आला. डॉक्टरांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्या म्हणाल्या, "मग या अलायनरमध्येच काहीतरी चूक आहे. सुळा परत वर गेलाय. आता हे सगळे बाजूला ठेवून नवा ठसा घ्यावा लागेल. पुन्हा एक नंबरपासून सुरुवात."

काशीरामांची ती बोटं मला आठवली. त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. हादिया खुर्चीत उठून बसली आणि रडायलाच लागली. "अलायनर बरोबर आहे. मीच घातला नाही. रोज्यात तोंडात कसा ठेवू? मला वाटलं, रोजा तुटेल."

दादी कोपऱ्यातल्या स्टुलावर तस्बीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "अगं हादिया, ही माझी कवळी सकाळपासून तोंडात आहे. बारा वर्षं झाली. मग माझे सगळे रोजे गेले म्हणायचे का?"

हादिया दादीकडे बघतच राहिली. जन्मल्यापासून ती त्या घरात राहत होती, दादीची कवळी तिनं शंभर वेळा पाहिली होती, पण दादीचे दात ते दादीचे दात. माझ्याशी त्यांची जोड तिच्या डोक्यात कधी लागलीच नव्हती.

"माझ्यावर विश्वास नको ठेवूस, मौलानांना विचार," दादी म्हणाल्या आणि तिथूनच त्यांनी मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना मोहसीन यांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि फोन हादियाच्या कानाला लावला. मौलानांनी विचारलं, "बेटा, त्याला काही चव आहे? काही सुटून घशात जातं?"

"नाही. साधं प्लास्टिक आहे."

"मग सेहरीनंतर स्वच्छ धुऊन घालत जा. त्यानं रोजा जात नाही. आणि हे पहिल्या दिवशीच विचारायचं होतंस. विचारण्यात कसली शरम?"

डॉक्टर मितालींनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. "मीही विचारायला हवं होतं. रोजा आहे म्हणून पाणी मारायचं नाही एवढं मला कळतं, पण दिवसा अलायनरचं काय करतेस, हे काही सुचलं नाही. बरं, आता ऐक. दहा नंबर नको. हाच नऊ आत्ता घाल. हा पूर्ण बसला तर पहिल्यापासून करायची गरज नाही. तीन आठवडे, बावीस तास. एकही तास कमी नको."

हा पूर्ण बसला तर. म्हणजे मी. माझी दोन आठवड्यांची ताकद कधीच संपलेली, कड ताणलेली, आणि सगळा भार माझ्यावर. त्या दिवशी मी पूर्ण बसलो नाही. सुळ्याजवळ नखाएवढी फट राहिली. हादिया दुखणं गिळून घरी गेली.

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. पहाटे सेहरी झाली की घासलेले दात, धुतलेला मी, आणि लगेच तोंडात. आता दादीच न्हाणीघराच्या दाराशी येऊन विचारायच्या, "माझी बसली. तुझी बसली का?" दोघींनी आरशात एकमेकींना दात दाखवायचे. मला कवळीच्या पंगतीत बसवलं याचा थोडा राग यायचा, पण तक्रार करायला वेळ कुठे होता. दुसऱ्या आठवड्यात माझ्या डाव्या कडेला केसासारखी चीर गेली. हादियानं ती बघितली आणि मला काढताना दोन्ही बाजूंनी, हळूहळू सोडवायला लागली. रोज रात्री ती फट बघायची. मीही बघायचो. नखाएवढी होती, मग अर्धं नख, मग कागदाएवढी. तिथे येऊन अडली ती चार दिवस हलेचना. त्या चार दिवसांत माझी चीर वाढत होती आणि फट तेवढीच होती.

ईदच्या दिवशी सकाळपासून पाहुणे. प्रत्येक घरचा शीरखुर्मा, प्रत्येक काकूचा आग्रह. हादियानं मला दिवसातून पाच वेळा काढलं आणि पाच वेळा घातलं. एक मामी म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे गं." ती म्हणाली, "नको मामी, हा फार थोडे दिवस टिकेल आता." माझ्याबद्दल कुणी इतक्या मायेनं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

ईदनंतर आठव्या दिवशी तपासणी. डॉक्टरांनी आरसा फिरवला. पुन्हा फिरवला. मग सुळ्याजवळ बारीक सुई धरून बघितली. सुई आत जाईना. फट नव्हती. त्यांनी मला काढलं आणि दहा नंबर चढवला. 'टक' असा आवाज आला आणि माझा धाकटा भाऊ एका दमात बसला. दादी म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह." डॉक्टरांनी मला बोटांत धरलं, आणि नेमका त्याच क्षणी मी चिरेतून दुभंगलो. एक दिवस आधी तुटलो असतो तर? हा विचार मला अजून सोडत नाही.

हादियानं माझे दोन्ही तुकडे मागून घेतले. आता मी तिच्या कपाटात आहे. तिचे दात सरळ आहेत, हे मी ऐकून आहे. बघायला मिळत नाही.

मित्रांनो, तुमच्या तोंडात माझा कुणी भाऊ असेल, तर त्याला डबीत टाकून देऊ नका. रोज घाला, तास चोरू नका. रोजा असो, उपवास असो, घरात लग्न असो, अडचण येणारच. ती आली की घरच्यांना, डॉक्टरांना, ज्यांना कळतं त्यांना त्याच दिवशी विचारा, आणि तास विचारले तर खरे सांगा. मी ओझं झेलतो, तडकेपर्यंत झेलतो, पण झाकणाच्या आतून मला हाक मारता येत नाही.