मिरचीची टोपली आणि बारकीचे डोळे

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. अस्सल बांबूची, हं! नवापूरकडच्या डोंगरात नारसिंगबाबाने मला विणले. विणून झाल्यावर उलटी ठेवून तो चक्क माझ्यावर उभा राहिला. मी साधी करकरलेसुद्धा नाही. बाबा खूश झाला.

तिथून मी नंदुरबारला धनुबाईंच्या पथारीवर आले. पथारी म्हणजे लाल मिरच्या वाळत घालायचे मोकळे रान. किती मिरच्या वाहिल्या म्हणून सांगू! कामाच्या बाया माझ्यासाठी भांडायच्या. पुढे प्लॅस्टिकचे क्रेट आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो! कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले. फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी धनुबाईंच्या सुनेने, रूपालीने, मला खाली काढले. शहरातल्या मुक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून तिने मांजराची दोन आजारी पिल्ले आणली होती. बरी होईपर्यंत त्यांना सांभाळायचे होते. असले काम ती पहिल्यांदाच करत होती. पिल्लांची नाके गळत होती, डोळे चिकटले होते.

"हाई काय लई उनी तू?" धनुबाई कडाडल्या.

"थोडाच दिन, आई. नही ते मरी जातीन."

धनुबाई पुटपुटत आत गेल्या आणि आपले जुने लुगडे आणून त्यांनीच ते माझ्यात अंथरले. अशा आहेत त्या!

रूपाली कोमट पाण्याच्या बोळ्याने डोळे पुसायची, औषधाचे थेंब घालायची, ड्रॉपरने भरवायची. त्यातला काळा बोका मोठा वांड. तो लवकरच माझ्यातून उडी मारून पळाला, उंबऱ्याशी झोपू लागला आणि तरतरीत झाला. धाकटी बारकी मात्र माझ्यातच पडून होती. तिचे डोळे सुजतच चालले. "सूज उतरली नाही तर डोळे जातील," असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी रूपाली जेवली नाही.

मला कारण ठाऊक होते! माझ्या विणीत वर्षानुवर्षांची मिरचीची भुकटी मुरली होती. रूपालीने मला कोरड्या फडक्याने पुसले होते, तेवढ्याने ती कशी जाणार? पण या घरात मिरचीचा ठसका कुणाला लागतच नाही, सगळ्यांचा जन्म पथारीवर गेला. बारकी शिंकली की रूपालीला वाटायचे, हिला थंडी वाजते. मग ती तिला लुगड्यात गुंडाळून माझ्यात आणखी खोल सरकवायची. मी जिवाच्या आकांताने करकरायचे. पण टोपलीचे कोण ऐकणार?

शेवटी निवाऱ्यातली एस्तेर पिल्लांना बघायला आली. ही मुलगी चिंचपाड्याची, मिरचीच्या पथारीची सवय नसलेली. ती माझ्यावर वाकली मात्र, तिला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"ताई, ही टोपली कशाची आहे?"

"मिरचीची," रूपाली सहज म्हणाली आणि तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा! मी तिला मिरचीत निजवलं!"

ती ढसाढसा रडू लागली. धनुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, बेटा. आपलं नाकच मरी जायेल शे, तुले काय मालूम!"

धनुबाई बारकीला उचलू लागल्या, तर तिने माझ्या बांबूत नखे रोवली. बिचारीला दिसत नव्हते, पण माझी सवय झाली होती. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी असे बिलगले नव्हते. मला मुळीच जायचे नव्हते. तरी मी मनात म्हणत होते, न्या मला, लवकर न्या!

मला अंगणाच्या भिंतीशी ठेवले. बारकीला खोक्यात धुतलेल्या चादरीवर निजवले. रोज मी घरातल्या आवाजांकडे कान लावून असायचे. एका सकाळी रूपाली किंचाळली, "आई! देखी ऱ्हायनी ती! मन्हाकडे देखी ऱ्हायनी!" धनुबाई पिठाच्या हातांनीच धावल्या.

मित्रांनो, आजारी मुक्या जिवाला जरूर घरी आणा. त्याला माया हवीच. पण जवळ घेण्याआधी आपल्या अंगाला काय लागले आहे, तेही बघा. बारकीचे डोळे उघडले तेव्हा मी तिथे नव्हते. आणि मी नव्हते, म्हणूनच ते उघडले.