मुक्या घंटेचा लोलक

मित्रांनो, मी एक जुना लोलक आहे. घंटेच्या पोटात लोंबणारा आणि तिच्या अंगावर आपटून तिला बोलतं करणारा लोखंडी दांडा म्हणजे लोलक. लोक घंटेला हात जोडतात, तिच्या आवाजाचं कौतुक करतात. आपटून घेणारा मी, पण माझं नाव कुणाच्या तोंडी नसतं. असो. ते रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

माझा जन्म दलदलीकाठच्या एका गावात, लोहाराच्या भट्टीत झाला. त्या दलदलीतून दर थंडीत करडं धुकं उठायचं. ज्याच्या छातीत ते भरे, तो हळूहळू आपल्या माणसांना विसरून जाई. आधी नावं जात, मग चेहरे. त्या धुक्याला फक्त घंटेचा आवाज सोसत नसे. संध्याकाळी मी टोले दिले की ते निमूटपणे चिखलात परत जाई. म्हणूनच मी गार झाल्यावर लोहाराने मला कपाळाला लावलं होतं.

आमचं घंटाघर दोन भावंडं सांभाळत. थोरला भाऊ गावचा योद्धा पुजारी होता आणि धाकटी बहीण रोज दोर ओढायची. उन्हाळ्यात धुकं दबलेलं असे, तेव्हा गावोगावचे पुजारी दलदलीत उतरून ते धुकं सोडणाऱ्या राक्षसांशी, धुकासुरांशी, लढत. जाताना पुजारी आपल्या घंटेचा लोलक काढून हातात घेई, तेच त्याचं शस्त्र. तो परतेपर्यंत घंटा मुकी राही. दुसरा लोलक बसवायचा, तर आधी घरच्या माणसाने चौकात उभं राहून 'आमचा माणूस मेला' असं सांगावं लागे.

एका उन्हाळ्यात आमच्या पुजाऱ्याने मला खांद्यावर घेतलं. बरोबर बहिणीचा नवराही निघाला.

"दादा, लोलक सांभाळ," ती हसत म्हणाली. "आणि माझ्या माणसाला त्याहून जास्त सांभाळ. त्याला टाकून एकटा आलास ना, तर दार उघडणार नाही हं मी!"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण लोखंडाला ते जमत नाही.

दलदलीत मी पुष्कळ धुकासुर लोळवले आणि मला त्याचा गर्व होता. मग एकाने बहिणीच्या नवऱ्याचे पाय धरले. पुजाऱ्याने मला फेकून दोन्ही हातांनी मेहुण्याचं मनगट पकडलं. "देवा, एवढा एक राहू दे, पुन्हा काही मागणार नाही," असं तो ओरडत राहिला. चिखल गळ्यापर्यंत आला, मग हनुवटीपर्यंत. शेवटी मनगट निसटलं.

"बहिरा आहे तो," पुजारी वर बघून म्हणाला. त्यानंतर त्याने प्रार्थना केली नाही. बाकीचे गावाकडे वळले, तो मला उचलून उलट्या दिशेला चालू लागला. बहिणीला कोणत्या तोंडाने भेटणार होता?

पुढची वर्षं सांगताना मला अजून वाईट वाटतं. दूरच्या एका शहरात, एका खानावळीत तो दारावर उभा राहायचा. दंगा करणाऱ्यांना बाहेर काढायचा, त्या बदल्यात त्याला जेवण आणि दारू मिळे. माझ्यावर आधी अक्रोड फोडले गेले, मग माझ्याने खुंट्या ठोकल्या गेल्या. शेवटी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी टेकवलं. येणाऱ्याजाणाऱ्याची करंगळी माझ्यावर आदळे आणि तो मला शिव्या देई. ज्याला धुकं भ्यायचं, त्याच्यावर ही वेळ आली. मला गंज चढला. त्यालाही चढलाच होता, फक्त तो दिसत नव्हता.

एका दुपारी भांडी सांधणारा एक फिरस्ता जेवायला आला. तो खानावळवालीला सांगू लागला, "दलदलीकडे एक गाव आहे बघा. तिथली एक बाई रोज संध्याकाळी घंटेवर धुण्याचं धोपटणं मारते. थप, थप. धुकं जरा थबकतं, पण हटत नाही. अर्धं गाव रिकामं झालंय."

"मग नवा लोलक का नाही बसवत?"

"भाऊ मेला असं सांगावं लागतं म्हणे त्यासाठी. लोक हातापाया पडले, दगडसुद्धा मारले. ही ऐकायलाच तयार नाही. मी विचारलं, अहो बाई, त्या धोपटण्याचा आवाज जातो तरी कुठवर? तर म्हणाली, दादाला घराची वाट कळायला नको का?"

पुजारी दाराशीच उभा होता. तो खाली बसला आणि सदऱ्याच्या टोकाने मला पुसू लागला. मग मला उचलून चालायला लागला.

आम्ही गावात शिरलो तेव्हा गल्ल्यांत धुकं भरलं होतं. दारं बंद होती, काही घरांची छपरं बसली होती. तेवढ्यात ऐकू आलं, थप. थप. तो पळत सुटला. मी त्याच्या छातीशी होतो, त्यामुळे तो काय पुटपुटत होता ते मला ऐकू आलं. "बहिरा तू नव्हतास, मी होतो." कितीतरी वर्षांनी तो देवाशी बोलत होता, आणि या वेळी त्याने काहीच मागितलं नाही.

घंटाघराचं दार तिनेच उघडलं. केस पिकले होते, हातात धोपटणं होतं.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं.

त्याने मला पुढे केलं. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला.

"अहो, हा तर आमचा लोलक! दादानं पाठवला ना तुमच्याबरोबर?"

त्याने तिच्या हातातलं धोपटणं अलगद काढून घेतलं. मग म्हणाला, "हो."

त्याने मला घंटेत अडकवलं आणि दोर ओढला. खुंट्या ठोकून माझी कड चेपली आहे, माझा आवाज आता थोडा घोगरा येतो. तरी धुकं हटलं. चार-दोन खिडक्या उघडल्या, पण कुणी आनंदाने ओरडलं नाही. धुकं मागे जातं, त्याने नेलेलं मात्र परत देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, एवढं मी मागायला हवं. पण गंजाचं काय, पुजाऱ्याने वाळूने घासला आणि तो निघाला. मला मागायचं आहे ते वेगळंच. कुणी तुमची वाट बघत असेल, तर तोंड दाखवायला जागा नसली तरी जा. ते माणूस तुम्हाला ओळखतंय तोवर जा.

पुजारी आता इथेच राहतो. संध्याकाळी हात जोडतो, मग दोर ओढतो. ती पायरीवर बसून ऐकते आणि टोले थांबले की रोज विचारते,

"काय हो, आता तरी ऐकू गेलं असेल ना दादाला?"

"गेलं," तो म्हणतो. "निघालाय तो."