पंचांचा पुढचा दात

पुढचा दात गेला त्याला सासरेबुवा स्वतःच जबाबदार होते. फुटबॉलचे पंच म्हणून उभं आयुष्य त्यांनी शिट्टी त्याच एका दातात धरली. शेवटी दाताचं मूळच तडकलं. सून दातांची डॉक्टर. तिनंच तो काढला, जखम भरू दिली, आणि आता तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात रुजणारा धातूचा स्क्रू बसवायचा ठरला.

"रविवारी जुन्या खेळाडूंचा सामना आहे, फोटो निघणार," खुर्चीत बसता बसता सासऱ्यांनी फर्मान काढलं. "स्क्रू बसला की लगेच वर दात चढवून टाक."

"आधी हाड काय म्हणतंय ते बघू, बाबा."

"हाड माझं आहे. मी सांगेन ते ऐकेल."

"घरात तुमचं कोण ऐकतं, म्हणून हाड ऐकेल?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या. त्या खास ही मजा बघायलाच आल्या होत्या.

तोंड उघडं ठेवावं लागल्यावर सासऱ्यांची बोलती बंद झाली, पण हात मोकळे होते. सून थोडं ड्रिल करायची, बाहेर काढायची, गार पाण्याची धार सोडायची, पुन्हा थोडं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी मनगटावर बोट आपटलं. खेळाडू मुद्दाम वेळ काढायला लागला की ते मैदानावर असंच करायचे.

"वेळ काढत नाहीये," सून हसून म्हणाली. "एका दमात भोक पाडलं तर घर्षणानं हाड तापतं. भाजलेलं हाड मरतं, आणि मेलेल्या हाडात स्क्रू रुजत नाही. आज घट्ट वाटेल आणि महिन्याभरात हातात येईल. चालेल?"

मनगटावरचं बोट खाली आलं.

मग ती एकदम थांबली. ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत जात होतं. हाड तिच्या अंदाजापेक्षा मऊ निघालं. शेवटचं, सगळ्यात जाड ड्रिल मदतनीस बाईंनी पुढे केलंच होतं. तिनं नको म्हणून मान हलवली. भोक स्क्रूपेक्षा जरा लहान राहिलं तर मऊ हाड दाबलं जाऊन स्क्रूला धरून ठेवतं. मात्र फार लहान ठेवलं, तर त्याच दाबानं हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. फसलं तर परक्या रुग्णाला समजावता येतं. सासरा रोज जेवणाच्या टेबलावर समोर बसणार होता.

स्क्रू हळूहळू आत गेला आणि थांबला. हलत नव्हता. पण स्क्रू पिळायच्या पान्यावर पकड किती घट्ट ते दाखवणारा आकडा लगेच दात चढवण्याइतका नव्हता.

"बसला छान," ती म्हणाली. "पण दात आज नाही. हाड त्याला धरेपर्यंत तीन-चार महिने त्याच्यावर भार नको. तोवर काढता-घालता येणारा दात देते."

"काढता-घालता? तो म्हाताऱ्यांचा!" बाहत्तर वर्षांचे सासरे कापसाच्या बोळ्यातून ओरडले. त्यांनी खिशातून न दिसणारं पिवळं कार्ड काढून सुनेसमोर धरलं.

"तसली माझ्याकडे आधीपासून दोन-चार साठलीत," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी सुनेशी अबोला धरला; म्हणजे मीठ हवं असलं की नातीमार्फत मागायचे. रविवारी मात्र तो काढता-घालता दात न लावता ते फट घेऊनच मैदानावर गेले. शिट्टी ओठांनीच धरायची, अशी सुनेची सक्त ताकीद होती. पहिला फाउल झाला आणि शिट्टीतून फुस्स असा आवाज आला. दोन्ही संघ पोट धरून हसले. सासरे आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. बाकीचा सामना त्यांनी टाळ्या वाजवून चालवला. घरी येऊन मीठ त्यांनी थेट सुनेकडे मागितलं.

चार महिन्यांनी एक्स-रे निघाला. सुनेनं तो आधी एकटीनं पाहिला, मग पुन्हा पाहिला. स्क्रूभोवती कुठं काळी रेघ नव्हती. हाड त्याला सगळीकडून चिकटलं होतं, वरची कडही जागच्या जागी होती. तिनं सोडलेला सुस्कारा बाहेर बसलेल्या सासूबाईंना ऐकू गेला.

"बिघडलं काय गं?" त्यांनी दारातून डोकावून विचारलं. खरं तर त्याच जास्त घाबरल्या होत्या.

"काही नाही, आई. बाबांच्या हाडानं ऐकलं."

"तुझं ऐकलं. यांचं नव्हे."

दात चढला. शेजारच्या दातांत तो ओळखू येईना. सुनेनं फाइलसाठी कॅमेरा उचलला. "बाबा, हसा."

सासऱ्यांनी पाठ ताठ केली, ओठ घट्ट मिटले आणि कठोर चेहऱ्यानं समोर बघितलं.

"अहो, हसा की! दात दिसू दे."

"फोटोत मी हसत नसतो," ते म्हणाले. "लग्नाचा अल्बम बघ हवा तर."

सून कॅमेरा धरून सासूबाईंकडे बघत राहिली. सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या, की शेवटी फोटो तिनं त्यांचाच काढला.