पुरत गेलेली चौकट

"सर्व घरांच्या संमतीने ही गल्ली उंच करण्यात आली आहे. येथे आता पाणी थांबत नाही."

जावा बेटावरच्या सेमारांग बंदरालगतच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हिरवी कमान आहे, आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत हे विधान रंगवले आहे. मित्रांनो, त्यातले दुसरे वाक्य खरे आहे. गल्लीत पाणी थांबत नाही. भरतीच्या वेळी समुद्र गटारांतून वर येतो, गल्लीत पोहोचतो, आणि उतार सापडेल तिकडे, म्हणजे घरांत, शिरतो. तिथे तो निवांत थांबतो. कमान घरांविषयी काही बोलतच नाही, त्यामुळे तिला खोटे ठरवता येत नाही. पहिल्या वाक्याचे तसे नाही. ज्या 'सर्व' घरांचा तिथे उल्लेख आहे त्यांतल्या एका घराची मी चौकट आहे, आणि त्या घराला कोणी काय विचारले याची साक्ष माझ्याइतकी जवळून दुसरे कोणी देऊ शकणार नाही.

मी एक जुनी सागवानी चौकट आहे. ब्लोराच्या जंगलातले माझे लाकूड. तुमिरा नावाच्या मुलीचे बंदरावरच्या सार्मादी हमालाशी लग्न ठरले तेव्हा सुताराने मला घडवले, आणि नवरदेव उंच म्हणून मलाही उंच केले. सार्मादी तांदळाचे पोते डोक्यावर घेऊन, मान न लववता, माझ्यातून आत येत असे. मुले उड्या मारून माझ्या माथ्याला हात लावायचा प्रयत्न करीत आणि हरत. शेजारी मला थोपटून म्हणत, "दार असावं तर असं!" मित्रांनो, स्तुती लाकडालाही कळते.

मग जमीन खचू लागली आणि समुद्र घराघरांत येऊ लागला. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि स्वयंपाकघरात खारे पाणी! लोकांनी विटांचे तुकडे आणि माती टाकून घरातल्या जमिनी वर घेतल्या. घरे वर गेली तेव्हा गल्ली खाली राहिली, म्हणून गल्ली वर घेतली. गल्ली वर गेली तेव्हा घरे पुन्हा खाली राहिली. या शर्यतीत ज्यांना छप्पर उचलणे जमले ते जिंकले. आमच्या घराला ते जमले नाही. प्रत्येक भरावाच्या वेळी माझ्या झडपा खालून कापल्या गेल्या, माझे पाय मातीत गेले, आणि उंबऱ्यावर पाणी अडवायला विटांचा बांध चढला. माथा मात्र जिथल्या तिथे राहिला, कारण छपराची तुळई माझ्यावर टेकलेली आहे. मला कापले तर घर बसेल. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपाळांसाठी माझ्या माथ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची गादी ठोकली गेली. ज्यांनी मला थोपटले होते तेच आता मला शिव्या घालत आत येऊ लागले.

तुमिरा आता म्बाह तुमिरा झाली आहे. आमच्याकडे सगळ्याच आज्यांना म्बाह म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ती त्या खाऱ्या पाण्यात घसरली आणि तिचे कमरेचे हाड मोडले. काठी टेकून ती उभी राहते, चालते; वाकणे मात्र तिला जमत नाही. मित्रांनो, माझ्यातून वाकल्याशिवाय कोणी बाहेर पडू शकत नाही. तेव्हापासून तिचे जग माझ्या आतल्या बाजूला संपते.

रमजानच्या रोज्यांच्या आधीच्या महिन्यात आपापल्या माणसांच्या कबरी झाडून त्यांवर फुले घालायची आमची रीत आहे. सार्मादी टेकडीवर पुरलेला आहे. या शहरात कोरडी जागा मेलेल्यांना मिळते. यंदा म्बाहच्या लेकीने, लेस्तारीने, एक युक्ती काढली. ओहोटीच्या सकाळी उंबऱ्यावरचा बांध फोडायचा आणि दारापासून गल्लीत चढत जाणारा एक तात्पुरता उतार खणायचा. तसे केले असते तर म्बाह ताठ उभी बाहेर पडली असती. तिचे डोके मला लागले नसते.

त्याच महिन्यात गल्ली पुन्हा वर घ्यायचे ठरले. गल्लीप्रमुख हार्दोनो यांचे घर कमानीजवळ आहे आणि त्याचे छप्पर दोनदा उचललेले आहे. खाऱ्या पाण्याने त्यांच्या मोटारीची चाके गंजत होती. गल्लीत चटया टाकून बैठक झाली. तोंडावर नाही म्हणणे आमच्याकडे असभ्य समजतात. म्हणून गप्प राहिलेला माणूस संमती देतो असे धरतात, आणि न आलेला माणूस तर अगदी मनापासून देतो. आणखी गुडघाभर माती पडली की लेस्तारीचा उतार तेवढा लांबवावा लागणार आणि समोरच्या शेजाऱ्याच्या भिंतीवर जाऊन आदळणार, इतकी आमची गल्ली अरुंद आहे.

दुसऱ्या दिवशी लेस्तारीने हार्दोनोंना आमच्या दारासमोर गाठले. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात. "पाक हार्दोनो, आई बोलावतेय. चहा तरी घेऊन जा."

वडीलधाऱ्या बाईचे आमंत्रण मोडता येत नाही. ते वाकले, तरी त्यांची टोपी माझ्या माथ्याला लागलीच आणि आतल्या पाण्यात पडली.

"ये रे बाबा," म्बाह खुर्चीवरून म्हणाली. "माझी चौकट सगळ्यांना सलाम करायला लावते. तुला एकट्याला कशी सोडेल?"

"तुमच्याकडे यायचं म्हणजे आधी कमरेचा व्यायाम करायला हवा, म्बाह."

"मला तर तोच जमत नाही. बरं, माती किती टाकताय?"

"फार नाही. गुडघ्याएवढी."

"कोणाच्या गुडघ्याएवढी? तुझ्या का माझ्या?"

लेस्तारी हसली आणि मग हसायची थांबली. "पाक, आईला एकदा कबरीवर जाऊन येऊ द्या. मग टाका ना माती."

"अगं, ट्रक सांगून झालेत. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एकानंही नाही म्हटलं नाही."

"आणि मी हो कधी म्हटलं?" म्बाहने विचारले.

"तुम्ही बैठकीला आला नव्हता."

"कशी येणार? उडत?"

"उचलून नेऊ की तुम्हाला! पोरं आहेत गल्लीत. लुंगीची झोळी करू, तुम्हाला आडवं घालू, अलगद बाहेर काढू."

"या दारातून मी आडवी एकदाच जाणार, हार्दोनो. तेव्हा मला विचारू नका, खुशाल न्या. आत्ता मला माझ्या नवऱ्याकडे उभ्यानं जायचंय." तिने काठी दाराकडे रोखली. "चटया माझ्या दारासमोरच होत्या. तुझा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता. जरा वाकून, डोकं आत घालून, मला एकदा विचारलं का नाहीस?"

हार्दोनो टोपी पिळत राहिले. त्यांचे उत्तर सांगण्याआधी पुढचे सांगून टाकते. माती आठवड्याभरात पडली. माझे गुडघे कुठे होते हे आता मलाही सांगता येत नाही. फुले लेस्तारीने एकटीने घातली. म्बाह माझ्यापाशी खुर्ची टाकून बसते. तिला बाहेरून जाणाऱ्यांची पावले तेवढी दिसतात, आणि चपलांवरून ती माणसे ओळखते. मित्रांनो, रस्ते बांधा, उंच करा, त्यांवर कमानीही उभारा. पण 'सर्व' असे लिहिण्याआधी प्रत्येक दारातून आत जा, आणि जाताना वाकावे लागले तर वाका. जो बाहेर येऊ शकत नाही, त्याचे मौन तुमच्या बाजूने मोजू नका.

आणि हे हार्दोनो यांचे उत्तर. मी यात एका शब्दाचीही भर घातलेली नाही:

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्बाह. म्हणून नाही विचारलं."