भोपळ्याच्या रोपांची दुसरी जागा

पहिला बेत असा: भोपळा गोल वाफ्याच्या कडेला, पालेभाजी मधल्या खताच्या टोपलीजवळ. लेसोथोच्या डोंगरात नवी सून म्हणून आलेल्या लिनेओचा हा पहिलाच वाफा. पीच फुलल्यावर तिनं रोपं लावली आणि आज संध्याकाळी अचानक गारठा उतरला.

"म्मे, पहाटे दव गोठून भोपळे मरणार. माझ्या हातून काही रुजत नाही म्हणतील सगळे," ती सासूला म्हणाली; म्मे म्हणजे आई.

"रडतेस काय? उचल रोपं. कुजत्या खताला ऊब असते."

दुसरा बेत: भोपळा टोपलीला चिकटून, पालेभाजी कडेला.

दोघींनी मिळून रोपं हलवली. मग सासूनं खांद्यावरचं स्वतःच्या लग्नातलं ब्लँकेट काढून भोपळ्यांवर पसरलं.

"म्मे, हे तर तुम्ही कुणालाच देत नाही!"

"बडबड पुरे. तुझ्या ब्लँकेटमध्ये घे मला, कुडकुडतेय मी."