भिंतीवरचं मशीन

पेंटरच्या बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ती तीन मजले उंच झाली होती.

इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर त्यानेच तिला रंगवली होती: शिलाई मशीनवर वाकलेली, गळ्यात मापाची टेप, बाजूला कात्री, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, दोन्ही हातांनी निळं कापड सुईखाली सरकवणारी. या माणसाचा उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. माणसाचं तोंड त्याला जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यालाही नाही. पण जमलं, आणि असं जमलं की जुन्या गिऱ्हाइक बायका खालून जाताना मान वर करून म्हणायच्या, "अगं बाई, माझा ब्लाउज अजून हिच्याकडेच राहिलाय!"

कलाबिला काही त्याच्या मनात नव्हती. झालं होतं असं, की शेवटचे दोन-तीन महिने ती अंथरुणाला खिळली. माणसं ओळखेनाशी झाली, बोलणं गेलं, पण हात काही थांबले नाहीत. चादरीची कड धरायची आणि पुढे सरकवायची, पुढे सरकवायची. सुई नाही, दोरा नाही, नुसतं सरकवणं. पेंटर ते हात धरून ठेवायचा तर ती लहान मुलासारखी रडायची. ती गेली, पण ते हात त्याच्या डोळ्यांपुढून हटेनात. जेवायला बसला की ते हात, डोळे मिटले की ते हात. शेवटी त्याने परांची बांधली, भिंतीवर चढला आणि त्या हातांपुढे मशीन काढून दिलं. त्यानंतर कुठे त्याला झोप लागायला लागली.

महापालिकेचा साहेब आला तो भला माणूस निघाला, हीच तर पंचाईत झाली. उर्मट असता तर त्याला चार शब्द सुनावून पेंटरने मन तरी हलकं केलं असतं. हा आधी रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ चित्र बघत राहिला आणि मग खालच्या शिलाईच्या दुकानात आला. दुकान आता पेंटरची सून चालवत होती, सासूच्या हाताखाली तयार झालेली. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी.

"काका, चित्र फार सुंदर आहे," साहेब म्हणाला, "पण खाली शिवणाचं दुकान आहे."

"आहे. मग?"

"इमारतीत जो धंदा चालतो तोच भिंतीवर दिसला, की नियमाप्रमाणे ते चित्र नाही, जाहिरात. आणि जाहिरात दुकानाच्या दारापेक्षा मोठी चालत नाही."

"अहो, ती माझी बायको आहे!"

"ते कळतंय मला. पण मशीन आहे ना."

"म्हणजे खाली चपलांचं दुकान असतं तर?"

"तर हरकत नव्हती."

"आणि मशीनच्या जागी हत्ती काढला असता तर?"

"हत्ती शिवता का तुम्ही?"

सुनेला हसू आवरेना. साहेबही हसला, पण जाताना सांगून गेला की महिनाअखेरीपर्यंत काही केलं नाही, तर भिंत पांढरी करायला माणसं येतील. त्याच्या हातात त्याहून जास्त काही नाही.

त्या संध्याकाळी सून म्हणाली, "बाबा, आपण दुकान हलवू. मागच्या गल्लीत गाळा रिकामा आहे. आई राहू देत इथेच."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हे दुकान तिनं उभं केलंय."

"पण शिवणार मीच ना? मला चालतंय."

"तुला चालेल गं. तिला चाललं नसतं," असं म्हणून पेंटरने विषय संपवला. हट्टी माणूस! पोरीचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण पाटीवाल्यांची एक सवय असते. दुकानदाराने नाव बदललं, की नको ती अक्षरं बुजवायची, नवी काढायची आणि बाकीची पाटी तशीच ठेवायची. अख्खी पाटी नव्याने कोण रंगवत बसतो? शेजारच्या अक्षराला त्याने काही होत नाही. पेंटरने हाच हिशेब बायकोला लावला. मशीन तेवढं बुजवू, टेप बुजवू, कात्री बुजवू. ती आहे तशीच राहील.

"आणि कापड?" त्याने साहेबाला विचारून घेतलं.

"कापड काय, कुणाच्याही घरात असतं. राहू द्या."

परत परांची बांधली, धूळ बसू नये म्हणून बाहेरून जाळी लावली. तिच्या गळ्यातली टेप मात्र त्याने सगळ्यात शेवटी पुसली. "रागावू नकोस गं," तो भिंतीला म्हणाला. मशीन गेलं तिथे मोठं भगदाड पडल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून त्याने तेच निळं कापड पुढे वाढवलं, पार भिंतीच्या कडेपर्यंत. नाक भिंतीला लावून काम करणाऱ्याला हातभर रंगापलीकडे काय दिसणार?

साहेब परांचीवर चढून खात्री करून गेला. खूश होता बिचारा. मंजुरीचा कागद पेंटरच्या हातात देत म्हणाला, "आता पाच वर्षं या चित्राला कुणी हात लावू शकत नाही, काका. महापालिकासुद्धा नाही आणि तुम्हीसुद्धा नाही! एक रेघ बदलली तरी गुन्हा."

"मी कशाला लावतोय हात?" पेंटर म्हणाला. कित्येक दिवसांनी तो मोकळेपणी हसला.

दुपारी जाळी सुटली, परांची उतरली. पेंटर दुकानातच हात पुसत होता. सून आधी बाहेर गेली. रस्ता ओलांडून तिने वर पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. शेवटचे महिने तिनेच सासूचं सगळं केलं होतं.

"बाबा, तुम्ही नका येऊ इकडे," ती ओरडली.

असं म्हटल्यावर कोण थांबतं? तो गेला. तिच्या शेजारी उभं राहून त्याने मान वर केली.

वर त्याची बायको वाकली होती. पुढ्यात मशीन नाही, काही नाही. नुसती लांबच लांब चादर, आणि तिची कड धरून पुढे सरकवणारे ते दोन हात, एकेक माणसाएवढा.

पेंटर फुटपाथवर बसला. मंजुरीचा कागद अजून खिशातच होता. सून त्याला उठवायला वाकली, तर त्याने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"पोरी," तो म्हणाला, "तिचे हात धर गं कुणीतरी."